रियाझानचे मांस, उझबेकिस्तानचा कापूस आणि पक्षातली बढती

सोव्हिएत संघ का कोसळला, याची आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरे आहेत. उजवीकडचे म्हणतात, समाजवाद माणसाच्या स्वभावाविरुद्ध होता. डावीकडचे म्हणतात, तत्त्व चांगले होते, पुढे आलेली माणसे वाईट निघाली. या दोन्ही उत्तरांत प्रादेशिक समितीच्या कचेरीत रोज सकाळी येऊन बसणारा पक्षाधिकारी कुठेच दिसत नाही. त्याला बढती कशावर मिळायची, त्याला काढायचा अधिकार कोणाकडे होता आणि त्याने वर पाठवलेला आकडा कोण तपासत होते, हे तीन प्रश्न आधी विचारायला हवेत. माझे म्हणणे असे की त्या खुर्चीत कितीही सज्जन माणूस बसवला असता, तरी काही वर्षांत त्याने एक तर खोटे आकडे पाठवले असते, नाहीतर खुर्ची गमावली असती.

१९२३ मध्ये पक्षाने पदांच्या याद्या करायला सुरुवात केली. यादीतले पद कोणत्याही खात्यातले असो, संबंधित पक्षसमितीच्या मंजुरीशिवाय तिथे कोणाला नेमायचे नाही आणि कोणाला काढायचेही नाही. या यादीला आणि पुढे त्या यादीतल्या सगळ्या माणसांना मिळून नोमेनक्लातुरा म्हणू लागले. जिल्हा समितीची यादी वेगळी, प्रदेश समितीची वेगळी, मॉस्कोतल्या केंद्रीय समितीची वेगळी. कारखान्याचा संचालक, वर्तमानपत्राचा संपादक, सरकारी वकील, पोलिसप्रमुख, शाळाखात्याचा मुख्य, सगळे कोणत्या ना कोणत्या यादीत असत. सामूहिक शेतीचा अध्यक्ष नियमानुसार शेतकऱ्यांनी निवडायचा असे. प्रत्यक्षात जिल्हा समितीचा माणूस उमेदवाराला सोबत घेऊनच सभेला येई आणि सभा हात वर करी.

या शिडीवर चढायची रीत ठरलेली होती. १४ ते २८ या वयात कोम्सोमोल, म्हणजे पक्षाची तरुण आघाडी. मग पक्षाचे उमेदवार-सदस्यत्व, त्याचे एक वर्ष. त्यासाठी तीन जुन्या सदस्यांच्या शिफारशी लागत, आणि १९६६ नंतर त्या प्रत्येकाची पक्षातली किमान पाच वर्षे झालेली असावी लागत. ज्याला पक्षाची पगारी नोकरी करायची तो आधी जिल्हा समितीत प्रशिक्षक होई. हे पद नावाला प्रशिक्षकाचे. काम टेलिफोन करण्याचे, अहवाल गोळा करण्याचे, गावोगाव फिरून पेरणी-कापणीचे आकडे आणण्याचे. पुढे विभागप्रमुख, चिटणीस, दुसरा चिटणीस, प्रथम चिटणीस. प्रत्येक पायरीवर एक फाइल सोबत सरके: भरलेला नमुना अर्ज, स्वतः लिहिलेला जीवनवृत्तान्त आणि ‘त्रिकोणा’च्या सह्यांचे शिफारसपत्र. त्रिकोण म्हणजे त्या संस्थेचा संचालक, तिथला पक्षचिटणीस आणि कामगार संघटनेचा प्रमुख. ज्या गावात, ज्या शेतीवर हा माणूस काम करत होता, तिथल्या लोकांचे मत मांडायला त्या फाइलीत एकही कागद नव्हता.

प्रदेशाचा प्रथम चिटणीस हा या शिडीवरचा खरा महत्त्वाचा माणूस. संपूर्ण देशात असे सुमारे दीडशे. त्याला ऐतखाऊ समजणे चूक ठरेल. नियोजन मंडळाने कागदावर मंजूर केलेले सिमेंट, रेल्वेचे डबे, ट्रॅक्टरचे सुटे भाग वेळेवर कधीच येत नसत. ते मिळवण्यासाठी मॉस्कोत ओळखी लावणे, शेजारच्या प्रदेशाशी अदलाबदल करणे, एका कारखान्याकडची माणसे कापणीला पाठवणे, हे सगळे त्याच्या टेलिफोनवर चाले. खात्यांच्या भिंती ओलांडू शकणारा प्रदेशात तो एकटाच. म्हणूनच तो उपयोगी होता, आणि म्हणूनच त्याला विचारणारा प्रदेशात कोणी उरत नव्हता. संपादक, वकील, पोलिसप्रमुख त्याच्याच समितीच्या यादीतले. प्रदेशाचे सांख्यिकी कार्यालय कागदोपत्री मॉस्कोच्या ताब्यात, पण तिथल्या अधिकाऱ्याचे घर, गाडी आणि पक्षकार्ड स्थानिक समितीच्या हातात. ज्याचे काम मोजायचे, त्याच्याच कृपेवर मोजणाऱ्याचे पोट चालत होते.

या रचनेचा पुरता हिशेब पाहायचा असेल तर मॉस्कोच्या आग्नेयेला असलेल्या रियाझान प्रदेशात जावे लागते.

मे १९५७ मध्ये लेनिनग्राडला पक्षप्रमुख निकिता ख्रुश्चेव्ह यांनी जाहीर केले की दरडोई मांस, दूध आणि लोण्यात येत्या काही वर्षांत अमेरिकेला गाठायचे आणि मागे टाकायचे. मांसाच्या बाबतीत याचा अर्थ उत्पादन तिपटीच्या वर नेणे. अर्थतज्ज्ञांनी हिशेब करून १९७५ साल सांगितले होते. ख्रुश्चेव्ह यांनी भर सभेत त्यांची खिल्ली उडवली. रियाझानचे प्रथम चिटणीस होते अलेक्सेई लारिओनोव्ह. १९४८ पासून ते या पदावर, त्याआधी यारोस्लाव्हलला याच पदावर. म्हणजे नवखा माणूस नव्हे. त्यांच्या प्रदेशाने वचन दिले की १९५९ या एका वर्षात सरकारला विकायचे मांस १९५८ च्या तिप्पट करू, सुमारे दीड लाख टन. जानेवारी १९५९ मध्ये ‘प्रावदा’ या पक्षाच्या मुखपत्राने हे वचन छापले. फेब्रुवारीत, म्हणजे वर्षाचे दहा महिने शिल्लक असताना, प्रदेशाला लेनिन पदक मिळाले. पदक आधी आणि काम नंतर, हा क्रम लक्षात ठेवावा. पदक घेऊन बसलेला चिटणीस मार्चमध्ये ‘हे जमणार नाही’ असे कसे सांगणार?

जमणार नव्हते हे जनावर पाळणाऱ्या कोणालाही कळते. गाय नऊ महिने गाभण राहते. वासरू चांगल्या चाऱ्यावर दीड वर्षाने कापण्याजोगे होते. कालवड पहिल्यांदा विते ती अडीच वर्षांच्या आसपास. डिसेंबर १९५९ पर्यंत जे जनावर खाटिकखान्यात जाणार, ते १९५८ च्या मध्यापर्यंत जन्मलेले असायला हवे होते, आणि ते जन्माला यायचे तर त्याची आई १९५७ मध्येच गाभण राहायला हवी होती. जानेवारी १९५९ मध्ये दिलेल्या शब्दाने गोठ्यातली वासरे वाढत नाहीत. डुकरांचे चक्र लवकर फिरते: गाभणपण चार महिन्यांच्या आत, वजन सात-आठ महिन्यांत. पण डुकराला धान्य लागते, आणि तेवढे धान्य तिथे नव्हते. मका पेरायची मोहीम चालू होती खरी; ओलसर, थंड मातीत ती फारशी कुठे पिकली नाही.

मग झाले असे. आधी शेतीवरची मांसाची जनावरे कापली. ती संपल्यावर दुभत्या गाई आणि पैदाशीचे वळू. तेही पुरेनात, तेव्हा शेतकऱ्यांच्या घरच्या गाई ‘तात्पुरत्या’ म्हणून पावत्या देऊन उचलल्या. मग शेजारच्या प्रदेशांतून जनावरे विकत आणायला सुरुवात झाली आणि त्यासाठी सामूहिक शेतीचा यंत्रखरेदीचा, शाळा-रस्त्यांचा राखीव पैसा वापरला. शेजारच्या चिटणिसांनाही स्वतःचे वचन पुरे करायचे होते, म्हणून त्यांनी जनावरे सीमेबाहेर जाऊ नयेत अशी नाकाबंदी केली. शेवटी ज्यांचा जनावरांशी काडीचा संबंध नाही अशा संस्थांनाही मांसाचा कोटा लावला. डिसेंबरमध्ये वचनपूर्ती जाहीर झाली. लारिओनोव्ह ‘समाजवादी श्रमवीर’ झाले. पुढच्या वर्षासाठी १ लाख ८० हजार टनांचे नवे वचन दिले गेले.

१९६० मध्ये प्रदेशाने जेमतेम ३० हजार टन मांस दिले. १९५८ च्या तुलनेत सामूहिक शेतीवरची जनावरे निम्म्याहूनही कमी उरली होती. गाई परत मिळाल्या नाहीत म्हणून शेतकऱ्यांनी कामावर यायचे टाळले, आणि धान्याचे उत्पादनही कोसळले. त्याच शरद ऋतूत ५३ वर्षांचे लारिओनोव्ह मरण पावले. त्यांनी आत्महत्या केली असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

ही गोष्ट बहुतेकदा एका महत्त्वाकांक्षी माणसाची शोकांतिका म्हणून सांगितली जाते. मला तो अर्थ अपुरा वाटतो. लारिओनोव्ह यांनी वचन दिल्यावर इतर प्रदेशांनीही घाईघाईने तशीच वचने दिली, कारण न देणारा मागे पडला असता. त्यातल्या सगळ्यांनाच वेड लागले होते असे मानायला काही आधार नाही. त्यांच्यापुढचा हिशेब साधा होता. वर्षअखेरीचा आकडा वर जातो आणि बढती त्या आकड्यावर ठरते. दोन वर्षांनी गोठा रिकामा पडला, तर तोपर्यंत आपण मॉस्कोत पोहोचलेले असू आणि तो गोठा पुढच्या चिटणिसाच्या डोक्यावर असेल. लारिओनोव्ह यांची चूक एवढीच की आपण कापलेल्या जनावरांचा जाब विचारला जाईपर्यंत ते रियाझानमध्येच राहिले.

यावर ‘कायदा कडक हवा होता’ असे म्हणणारे भेटतात. कायदा आला. जानेवारी १९६१ च्या केंद्रीय समितीच्या बैठकीत ख्रुश्चेव्ह फुगवलेल्या आकड्यांवर कडाडले. दुकानातून लोणी विकत आणून तेच पुन्हा सरकारला ‘उत्पादन’ म्हणून दिल्याची उदाहरणे तिथे निघाली. मे १९६१ मध्ये आकडे फुगवणे हा तीन वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाचा गुन्हा ठरला. त्याच वर्षी पक्षाच्या नियमावलीत दुसरा उपाय आला: प्रत्येक निवडणुकीत केंद्रीय समितीचे किमान एक चतुर्थांश, प्रदेश समितीचे एक तृतीयांश आणि जिल्हा समितीचे निम्मे सदस्य बदलायचे. आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये प्रदेश समित्याच चिरून एक उद्योगाची, एक शेतीची अशा दोन केल्या. तिन्ही उपायांत एक गोष्ट सारखी होती. आकडा तपासायचा आणि माणूस बदलायचा अधिकार प्रत्येक वेळी वरच राहिला. त्यामुळे चिटणिसांना कळले ते इतकेच की आपली खुर्ची डळमळीत आहे. ऑक्टोबर १९६४ मध्ये ख्रुश्चेव्ह यांना हटवणाऱ्या बैठकीत हेच चिटणीस बसले होते. महिन्याभरात समित्या पुन्हा एक झाल्या, आणि १९६६ च्या अधिवेशनात सदस्य बदलण्याची सक्ती काढून टाकली गेली.

ख्रुश्चेव्ह यांच्या जागी आलेल्या ब्रेझनेव्ह यांनी उलटे टोक गाठले. त्यांचे धोरण होते कार्यकर्त्यांवर विश्वास आणि स्थैर्य. वीस-वीस वर्षे एकच चिटणीस. काहींना हा काळ सुखाचा वाटतो आणि ते समजण्यासारखे आहे. निदान कोणी रात्रीतून उठून समित्या चिरत नव्हते. पण ज्याला काढायची भीती नाही आणि ज्याला मोजणारा स्वतंत्र नाही, अशा माणसाच्या हातात प्रदेश दिला की काय होते, ते उझबेकिस्तानात दिसले.

शराफ रशिदोव्ह १९५९ पासून ऑक्टोबर १९८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत उझबेकिस्तानचे प्रथम चिटणीस होते. जानेवारी १९६६ च्या ताश्कंद वाटाघाटी झाल्या तेव्हा त्या प्रजासत्ताकाचे पक्षप्रमुख तेच. लालबहादूर शास्त्रींबरोबर तिथे गेलेल्या यशवंतराव चव्हाणांनी पाहिलेले नीटनेटके ताश्कंद त्यांच्याच कारभारातले. मॉस्कोला उझबेकिस्तानकडून कापूस हवा होता, दर पंचवार्षिक योजनेत अधिक. लक्ष्य ६० लाख टनांवर गेले आणि कागदावर ते पूर्णही झाले.

यात खोट कशी मिसळत होती, हे विदर्भ-खानदेशातल्या वाचकाला चटकन कळेल. सरकार मोजत होते ते बोंडातून वेचलेला कापूस, म्हणजे सरकीसकट. जिनिंगनंतर रुई निघते ती साधारण एक तृतीयांश. मधल्या दोन तृतीयांशांत लपायला भरपूर जागा. ओला कापूस कोरडा म्हणून घ्यायचा, तिसऱ्या प्रतीचा पहिल्या प्रतीचा म्हणून नोंदवायचा, काडीकचरा वजनात धरायचा. मुळात आलेलाच नाही अशा कापसाची खरेदी केंद्रावर पावती फाडायची. पुढे जिनिंगमध्ये ती तूट घट, आग, रद्दी म्हणून दाखवायची. उरलेले रशियातल्या कापडगिरण्यांत निस्तरायचे: अर्धे भरलेले किंवा रिकामे डबे भरलेले म्हणून उतरवून घेणारा संचालक, आणि त्याला पोहोचवलेले पाकीट. कापूस खोटा असला तरी सरकारने त्याबद्दल दिलेले रूबल खरे होते. ते खाली वाटले गेले, आणि त्यातला हिस्सा पायरीपायरीने वर चढला. तपासयंत्रणेच्या हिशेबानुसार १९७९ ते १९८३ या पाच वर्षांत निदान ५० लाख टन कापूस केवळ कागदावर होता. ब्रेझनेव्ह यांचे जावई आणि गृहखात्याचे उपमंत्री युरी चुर्बानोव्ह यांना १९८८ मध्ये १२ वर्षांची शिक्षा झाली.

आकडे फुगवणे हा या सगळ्या काळात गुन्हाच होता. १९६१ चा कायदा कुठे गेला नव्हता.

न्यायाने सांगायचे तर या प्रकरणाची दुसरी बाजूही आहे. तपासात जबरदस्ती झाल्याचे गंभीर आरोप झाले, आणि उझबेक लोकांना ही मॉस्कोने एका अख्ख्या राष्ट्राची केलेली बदनामी वाटली. अशक्य लक्ष्य मॉस्कोने ठरवायचे आणि ते ‘पूर्ण’ केल्याबद्दल शिक्षा ताश्कंदने भोगायची, ही तक्रार रास्त आहे. स्वतंत्र उझबेकिस्तानने रशिदोव्ह यांचा मान परत दिला. २०१७ मध्ये त्यांची जन्मशताब्दी सरकारी पातळीवर साजरी झाली. पण ही बाजू मान्य केली तरी मूळ मुद्दा बदलत नाही. शाळा-महाविद्यालये बंद ठेवून मुलांना वेचणीला नेले जात होते. त्या मुलांच्या आईबापांना या चिटणिसाला किंवा त्या लक्ष्याला ‘नाही’ म्हणायची कोणतीच सोय नव्हती.

आता सगळ्यांत जड आक्षेप. याच व्यवस्थेने मिखाईल गोर्बाचेव्ह वर आणले ना? आणले. त्यांची वाट पाहिली तर नियम स्पष्ट दिसतो. १९५५ मध्ये मॉस्कोतून कायद्याची पदवी, मग दक्षिण रशियातल्या स्टाव्रोपोलला कोम्सोमोल, १९६६ मध्ये शहराचे आणि १९७० मध्ये प्रदेशाचे प्रथम चिटणीस. मधल्या काळात पत्रद्वारा शेतीची पदवी. अभ्यासू, मेहनती माणूस. पण स्टाव्रोपोलच्याच किस्लोवोद्स्क परिसरात खनिज पाण्याचे झरे आहेत आणि पॉलिटब्युरोचे, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च मंडळाचे, आजारी सदस्य विश्रांतीला तिथेच येत. पाहुणचार करायचे काम प्रथम चिटणिसाचे. केजीबीचे प्रमुख आणि पुढे पक्षप्रमुख झालेले आंद्रोपोव्ह यांची ओळख तिथली. उत्तर टोकाच्या मुरमान्स्कच्या चिटणिसाला हे भाग्य कुठून मिळणार? १९७७ मध्ये इपातोवो जिल्ह्यात कापणीयंत्रांचे ताफे एकत्र करून काही दिवसांत कापणी उरकली, ‘प्रावदा’त कौतुक झाले, आणि ती पद्धत जिथे पीक एकाच वेळी तयार होत नाही अशा भागांवरही लादली गेली. पुढे तिचे नाव हळूहळू कोणी घेईना. १९७८ च्या जुलैत शेतीचे केंद्रीय चिटणीस कुलाकोव्ह वारले. ते गोर्बाचेव्ह यांचे जुने वरिष्ठ आणि पाठीराखे. नोव्हेंबरमध्ये त्यांच्या जागी गोर्बाचेव्ह. या व्यवस्थेतून हुशार माणूस वर येऊ शकत होता, यात शंका नाही. तो ज्या गुणांवर वर आला, ते स्टाव्रोपोलच्या शेतकऱ्याने कधी तपासले नव्हते, इतकेच.

तपासायची संधी सामान्य माणसाला मिळाली ती मार्च १९८९ मध्ये. काँग्रेस ऑफ पीपल्स डेप्युटीज या नव्या संसदेच्या निवडणुकीत मतदाराने नको असलेली नावे खोडायची होती आणि निवडून यायला निम्म्याहून अधिक मते हवी होती. अनेक चिटणिसांनी आपल्या मतदारसंघात दुसरा उमेदवारच उभा राहू दिला नाही. लेनिनग्राडचे प्रथम चिटणीस युरी सोलोव्योव्ह पॉलिटब्युरोचे उमेदवार-सदस्य होते. एकटेच उभे राहिले आणि पडले. बहुसंख्य मतदारांनी मतपत्रिकेवरचे एकमेव नाव खोडले. देशभरात प्रादेशिक पातळीवरचे तीसहून अधिक चिटणीस असे पडले. याद्या सुरू झाल्यापासून ६६ वर्षांत खालच्या माणसाच्या हातात पेन पहिल्यांदाच आले होते, आणि त्याने ते कसे वापरायचे यासाठी कोणाकडून प्रशिक्षण घेतले नाही.

पक्ष गेला, शिडी मात्र पुरती गेली नाही. रशियाचे येल्त्सिन, कझाकस्तानचे नझरबायेव्ह, उझबेकिस्तानचे इस्लाम करीमोव्ह, तुर्कमेनिस्तानचे नियाझोव्ह, अझरबैजानचे हैदर अलीयेव्ह, जॉर्जियाचे शेवार्दनाद्झे, हे सगळे एकेकाळचे प्रथम चिटणीस पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. उझबेकिस्तानात तर कापसाचे लक्ष्यही तसेच राहिले. जिल्हा चिटणिसाच्या जागी हाकिम, म्हणजे वरून नेमलेला जिल्हाप्रमुख, आला आणि कोटा भरला नाही तर जबाबदार तोच. म्हणून त्यानेही शिक्षक, परिचारिका आणि विद्यार्थी वेचणीला धाडले. समाजवाद उरला नव्हता, केंद्रीय नियोजन मंडळ उरले नव्हते, तरी हाकिमाचे वागणे १९८० च्या चिटणिसासारखेच होते, कारण त्याच्या नेमणुकीचा आणि मोजणीचा धागा बदलला नव्हता. बदल झाला तो स्थानिक कार्यकर्ते अटक आणि छळ सोसून शेतांत जाऊन स्वतः नोंदी करू लागले, परदेशी कंपन्यांनी उझबेक कापसावर बहिष्कार टाकला आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे निरीक्षक येऊ लागले त्यानंतर. मार्च २०२० मध्ये राज्याचा कापूस-कोटा रद्द झाला आणि दोन वर्षांनी बहिष्कार उठला. शेतकऱ्याने किती एकरांवर कापूस लावायचा, यावर हाकिमाचा दाब मात्र अजून पूर्ण सुटलेला नाही.